मालधक्क्यावर भागीचा उन्हाळा

भिलाई स्टेशन,
१४ एप्रिल १९५८

विजयकुमार,

आशीर्वाद वगैरे तुझी आई तिच्या पत्रांतून पाठवत असतेच, म्हणून मी ते इथे पुन्हा लिहीत नाही. हे पत्र तिच्या आणि भागीच्या आग्रहावरून लिहायला घेतलं आहे. दोन वर्षांपूर्वी आपल्यात जे बोलणं झालं, त्याबद्दल यात काही नाही. तू म्हणालास, तुमच्यासारखा मालधक्क्यावर पोती मोजत जन्म काढणार नाही. मी म्हणालो, मग या घरात पाऊल टाकू नको. ते तिथेच राहू दे.

प्रकरण तुझ्या बहिणीचं आहे आणि ते तू सुरू केलं आहेस.

तू तिला लिहिलंस की तू शिकतोस त्या जबलपूरला ढोरांच्या डॉक्टरकीचंही कॉलेज आहे, तिथे मुलींना मनाई नाही. इंटर सायन्सचे मार्क पाहतात आणि मग समोर बसवून विचारतात. मुलगी म्हटल्यावर जरा जास्तच विचारतील. तेव्हा हा उन्हाळा वाया घालवू नको, असं काहीतरी कर की तुला हे झेपेल अशी त्यांची खात्री पटली पाहिजे. तिथे होस्टेलवर बसून लिहायला तुझं काय जातं?

शेवटचा पेपर देऊन ती रायपूर पॅसेंजरनं उतरली आणि पिशवी खाली न ठेवता अंगणातच मला म्हणाली, "बाबा, मले ढोरांची डॉक्टर व्हायचं आहे."

मी म्हटलं, "माणसांची म्हणाली असती तं समजलो असतो. ढोरांची कावून?"

"गाडी कुम्हारीच्या फाटकावर रोज थांबते. तिथं इटांच्या बंड्या उभ्या राहतात. दोन वर्षं मी त्या बैलांच्या माना पाहून राहिली, बाबा. खिडकीतून पाहून काय होते?"

तुला आपलं तिरोड्याजवळचं घर नीट आठवत नसेल. मला आठवतं. मी शेणात हात घालून मोठा झालो. त्या गोठ्यातून निघून रेल्वेचा कोट अंगावर चढवायला मला किती वर्षं लागली ते माझं मला ठाऊक. आणि आता माझी मुलगी शिकून सवरून परत गोठ्यात जाणार!

तरीही मी नाही म्हटलं नाही. उलट सोय केली. आपल्या स्टेशनमास्तरांच्या घरच्या बाईंची साहेब लोकांच्या महिला मंडळात ओळख आहे. मंडळानं उन्हाळ्यात मुलींसाठी प्रथमोपचाराचा वर्ग काढला आहे. पट्ट्या बांधणं, ताप पाहणं. शेवटी मोठ्या साहेबांच्या पत्नीच्या सहीचं सर्टिफिकेट मिळतं. असा कागद समोर ठेवला की कोणतंही कॉलेज मान देतं. सोमवारपासून भागी जाणार आहे. पांढरी साडी इस्त्री करून आणली आहे.

तू सुचवलंस त्यापेक्षा बरं मी केलं आहे, एवढंच कळवायला हे पत्र.

शेषराव

ता. क. — विजू, मी आई लिहून राहिली. ह्यायनं हे पत्र लिहून फाडलं, पुन्हा लिहिलं. पत्ता मात्र पाठ होता, मले विचारला नाही. तू जेवत जाय नीट.


भिलाई स्टेशन,
६ मे १९५८

विजयकुमार,

तुझं आईच्या नावे आलेलं पत्र वाचून दाखवण्यात आलं. त्यात तू माझ्याबद्दल काही विचारलं नाहीस, ते ठीकच आहे. मी बरा आहे.

तुझ्या बहिणीनं मंडळाचा वर्ग सोडला. मला न विचारता सोडला. मी कारण विचारलं तर म्हणाली, "बाबा, तिथं आम्ही एकमेकींच्या धडधाकट हाताले पट्ट्या बांधतो. मंग सरबत पितो. बाया चांगल्या आहेत, पण तिथं कोणाले काही झालंच नाही."

मी म्हटलं, "कागद तं मिळत होता!"

"कागद दाखवला आन् त्यायनं मले एखाद्या बैलापाशी नेलं तं?"

मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. पण तिसऱ्या दिवशी जे झालं ते लिहितो, म्हणजे तुला कळेल की तू कोणती आग लावून दिली आहेस.

पोलादाच्या कारखान्याचं बांधकाम आता असं चाललं आहे की आपल्या मालधक्क्यावर मालगाडीच्या वाघिणींची रांग हटत नाही. लोखंड, यंत्रं उचलायला त्यांचे ट्रक आणि क्रेन येतात. पण क्वार्टरांसाठी लागणारा चुना, सिमेंट, कौलं, हे सगळं बंड्यांनीच जातं. भैय्याजी नावाचा ठेकेदार आहे, बंड्या त्याच्या हाताखाली चालतात. गाडीवान आसपासच्या खेड्यांतले, बैल त्यांचे स्वतःचे.

त्या दिवशी भर दुपारी भागी माझा डबा घेऊन आली होती. चिंधू नावाच्या गाडीवानाचा पांढरा बैल धक्क्याच्या उतारावरच बसला. बंडी भरलेली, मागे बाकीच्या बंड्या अडकलेल्या, लोक ओरडायला लागले. कोणीतरी शेपटी पिरगळली. तुझ्या बहिणीनं डबा माझ्या टेबलावर ठेवला, तिथे गेली आणि त्या माणसाचा हात धरला. हात धरला, विजयकुमार! परक्या माणसाचा, सगळ्या स्टाफसमोर.

"पहिले जू काढा," ती म्हणाली.

जू काढलं. खाली बैलाचा खांदा सुजून फुटला होता. वास येत होता. भागी तिथेच मातीत गुडघ्यावर बसली आणि प्यायच्या घागरीतल्या पाण्यानं जखम धुवायला लागली. एका हातानं त्याचा गळा खाजवत होती आणि तोंडानं काहीबाही बोलत होती. तो बैल डोळे मिटून पडून राहिला. माझे आजोबा अगदी असंच बोलायचे बैलांशी. ते तर तिच्या जन्माआधीच गेले. तिला हे कुणी शिकवलं ते मला कळत नाही.

बाबू लोक खिडकीतून पाहत होते. एकजण म्हणाला, "शेषराव, ही तुमचीच ना?"

मी म्हणालो, "डबा देऊन घरी जाणार होती." एवढंच म्हणालो.

आता रोज सकाळी ती धक्क्यावर असते. मी तिला मनाई केली आहे. ती ऐकत नाही. यात माझा काही हात नाही, हे तुझ्या लक्षात असू दे.

शेषराव


भिलाई स्टेशन,
२५ मे १९५८

विजयकुमार,

तू भागीला विचारलंस की बाबा अजून रागात आहेत का. मला विचारायचं असेल तर मला लिहावं.

इथलं ऊन तुला ठाऊक आहे. रुळांवर हात ठेववत नाही. बांधकामाची धूळ दुपारी अशी उडते की समोरची बंडी दिसत नाही. त्यात तुझी बहीण डोक्याला गमछा गुंडाळून बैलांचे खांदे धूत असते. दुर्गच्या ढोरांच्या दवाखान्यात ती आपली आपणच गेली. तिथले डॉक्टर साऱ्या तालुक्यात हिंडतात, त्यांनी तिला कंपाउंडरच्या हाताखाली उभं केलं. लाल औषधाचं पाणी किती पातळ करायचं, जखमेत किडे पडले तर काय करायचं, बैलाच्या कोणत्या अंगानं जवळ जायचं, हे सगळं शिकून आली. जुवाखाली मऊ गादी हवी म्हणाली. त्यासाठी फाटकी पोती आणि कापूस कुठूनसा मिळाला. कुठून ते मला माहीत नाही.

पण खांदा धुऊन काय उपयोग? दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खांद्यावर जू. तिनं चिंधूला सांगितलं, या बैलाला आराम द्या. चिंधू चांगला माणूस आहे, उलटून बोलणारा नाही. तो फक्त म्हणाला, "बइला सुस्ताही, त हमर घर के चूल्हा कइसे जरही, नोनी?"

बैल बसला तर घरची चूल कशी पेटेल, पोरी. त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही. आईनं ताट झाकून ठेवलं. मी ओसरीवर बसलो होतो, माझ्याशेजारी येऊन बसली.

"बाबा, आजोबाकडं बैलाचा खांदा आला तं ते काय करत?"

मी म्हटलं, "घरी तीन बैल होते. दोन जुंपायचे, एक बसायचा. आन् चैत-वैशाखात सकाळी ऊन चढलं का नांगर सुटायचा. दुपारी कोणी बैल जुंपला तं म्हातारा आमाले मारे."

एवढंच मी बोललो. जुनी गोष्ट म्हणून सांगितली, दुसरा काही हेतू नव्हता. ती उठली आणि ताट घेऊन बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं गाडीवानांना चिंचेखाली गोळा केलं. तिचं म्हणणं असं: सगळ्यांनी मिळून चारपाच बैल मोकळे ठेवायचे, ज्याचा खांदा आला त्याच्या जागी मोकळा बैल जुंपायचा, म्हणजे बंडी कुणाचीच थांबणार नाही. आणि उजाडता उजाडता माल भरायचा, ऊन तापायच्या आत खेप टाकायची, दुपारी सुटायचं, पुन्हा उन्हं कलल्यावर जुंपायचं. आपला बैल दुसऱ्याच्या बंडीला द्यायचा म्हणजे सोपं नाही. शेवटी चिंधू म्हणाला, करून पाहू.

भैय्याजीला हे कळलं तसा तो सायकलवरून थेट आपल्या क्वार्टरवर आला. "बाबूजी, आपकी बिटिया मेरा काम बिठा देगी! और सुबह पाँच बजे माल देगा कौन? धक्का तो सात बजे खुलता है!"

त्याचं बोलणं नियमाला धरून होतं. मी त्याला नियमाप्रमाणे उत्तर दिलं आणि तो गेला.

मी हल्ली ड्यूटीवर लवकर जातो. उन्हाचा त्रास होतो म्हणून.

शेषराव

ता. क. — विजू, पोती ह्यायनंच स्टेशनमास्तरले विचारून आणली. गाद्या आम्ही तिघायनं शिवल्या, ह्यायचे टाके माझ्यापेक्षा बारीक. आन् भैय्याजीले काय म्हणाले ते मी दाराआडून ऐकलं. म्हणाले, "माल मैं दूँगा. मेरी लड़की ठीक कह रही है." रोज अंधारात उठून धक्का उघडाले जातात. तुले सांगू नको म्हणाले नाहीत, म्हणून सांगते.


भिलाई स्टेशन,
११ जून १९५८

चि. विजयकुमार,

आईनं मागच्या पत्राखाली काय लिहिलं ते मला आता कळलं आहे. असो.

भागीचा निकाल लागला. सेकंड डिव्हिजन. फिजिक्सनं ओढलं खाली. संध्याकाळी मला म्हणाली, "मार्कांवर नाही मिळणार आता. समोर बसूनच मिळवा लागन." जबलपूरहून बोलावणं आलं आहे, २६ जूनला सकाळी हजर व्हायचं.

इथली हकीकत सांगतो. भैय्याजी पहिले आठ दिवस रोज माझ्या टेबलाशी येऊन खेपा मोजून जायचा. खेपा कमी झाल्या नाहीत. उलट बंड्या रस्त्यात अडून बसणं थांबलं, म्हणून थोड्या वाढल्याच. आता तो लोकांना सांगत फिरतो की ही युक्ती त्याचीच. भागीला मी म्हटलं, तू काही बोलत का नाहीस? तर म्हणाली, "त्याची म्हणून चालली तं चालू द्या. बैलाले कोणाची ते काय करायचं?"

परवा कारखान्याकडे जाणाऱ्या जीपमधून एक रशियन साहेब उतरला. लालबुंद झालेला, टोपी हातात. जुवाखालच्या गाद्या निरखून पाहिल्या, दाबून पाहिल्या. मग भागीच्या हातात हात देऊन मोठ्यानं काहीतरी म्हणाला. दुभाष्या म्हणाला, साहेबाचा बाप घोड्यांचा नालबंद होता. गाडीवान दिवसभर त्या गोष्टीवर हसत होते आणि ताठ चालत होते.

मी पण धक्क्यावरून पाहत होतो. माझ्या शेजारी आमचे हेडबाबू होते. या वेळी त्यांनी विचारायच्या आधी मीच म्हटलं, "माझी मुलगी आहे."

तू लिहिलं होतंस की कॉलेजवाल्यांना दाखवण्यासाठी काहीतरी कर. मला वाटतं, ती आता कुणाला दाखवायला करत नाही. कॉलेजचं नावही तिच्या तोंडी चारचार दिवस येत नाही. हे चांगलं की वाईट ते मला ठरवता येत नाही. तू शिकलेला आहेस, तुला काय वाटतं?

शेषराव


भिलाई स्टेशन,
२४ जून १९५८, संध्याकाळ

चि. विजयकुमार यास आशीर्वाद.

हे पत्र टपालानं पाठवत नाही. गोंदियाच्या गार्डाच्या हाती देतो आहे, तिथून जबलपूरच्या छोट्या लाइनीचा गार्ड उद्या तुझ्या होस्टेलवर आणून देईल. मिळाल्याबरोबर वाच, वेळ फार थोडा आहे.

भागी आजच्या गाडीनं निघणार होती. निघाली नाही. सगळं सांगतो.

चार दिवसांमागं चिंधूचा तोच पांढरा बैल सकाळी वैरण खाईना. भागीला वाटलं ऊन लागलं. पाणी मारलं, सावलीत बांधला. दुपारपर्यंत गळा सुजला, श्वास घरघरायला लागला. गाडीवान म्हणाले, गलघोंटू. आपल्याकडे घटसर्प म्हणतात तोच. भागी पहिल्या गाडीनं दुर्गला पळाली, डॉक्टर दौऱ्यावर. संध्याकाळी ते सापडले, तोवर बैल गेला होता.

तिनं रडून घेतलं आणि मग कामाला लागली. मेलेला बैल खोल खड्ड्यात पुरून घेतला, चुना टाकला. ज्यांना ताप वाटला ते बैल बाजूला बांधले, त्यांचं पाणी वेगळं केलं. डॉक्टरांनी रायपूरहून लस मागवली. ती उद्या सकाळी येणार आणि सगळ्या बैलांना टोचणार.

आज आम्ही फलाटावर होतो. ट्रंक डब्यात चढवली होती, आई हातात दशम्यांचं गाठोडं घेऊन उभी. तेवढ्यात चिंधू धावत आला. गाडीवान बिथरले होते. टोचलं की बैल मरतात असं कुणीतरी उठवलं, आणि निम्मे लोक बैल जुंपून आपापल्या खेड्याकडे निघाले होते. ते बैल गावोगाव पोचले असते तर रोग सगळीकडे गेला असता. ऐन पेरणीच्या तोंडावर.

भागीनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणू शकलो असतो, गाडीत बस. बसलीही असती. तिनं सगळं उन्हाळाभर या गाडीसाठी केलं होतं. गार्डानं शिट्टी वाजवली. मी डब्यात चढलो आणि ट्रंक खाली उतरवली. माझ्या हातानं उतरवली, विजयकुमार. कुणी मला सांगितलं नाही.

चिंचेखाली गेलो तेव्हा काही बंड्या रस्त्याला लागल्या होत्या. भागी सर्वांत पुढच्या बंडीसमोर जाऊन उभी राहिली आणि रोग कसा पसरतो ते सांगू लागली. लोक ऐकत नव्हते. चिंधूचा बैल वाचवला का, असं एकानं तिला तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "नाही वाचवता आला. मी वेळेवर ओळखलं नाही."

तेव्हा चिंधू पुढे झाला. त्याचा एक बैल उरला आहे, तो त्यानं धरून आणला आणि म्हणाला, "मोर त चल दिस. तुमन के झन जाय. पहिली सुई मोर बइला ला."

माझा गेला, तुमचे जाऊ नयेत, पहिली सुई माझ्या बैलाला. मग एकेक बंडी परत फिरली. पण उद्या सुई टोचताना नोनी हजर पाहिजे, हे त्यांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं.

ती उद्या संध्याकाळच्या गाडीनं निघेल, म्हणजे २६ला दुपारपर्यंत पोचेल. बोलावणं सकाळचं आहे. तू २६ला सकाळीच कॉलेजात जा. प्रिन्सिपल साहेबांना भेट. तिला उशीर का झाला ते सांग आणि तिचं नाव शेवटी घ्या म्हणून विनंती कर. चपराशी अडवेल, तरी दारातून हलू नको. तुला बोलता चांगलं येतं, ते मला अनुभवानं ठाऊक आहे. या वेळी सगळं बोल.

मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. हे मागतो.

तुझा बाप,
शेषराव


भिलाई स्टेशन,
१० जुलै १९५८

चि. विजयकुमार यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर माझं नाव पाहून पोस्टमननं ते आईला देण्याऐवजी धक्क्यावर आणून दिलं. मी ते तिथेच उघडलं आणि कामाच्या वेळात वाचलं. नोकरीत असं पहिल्यांदाच केलं.

तू सकाळपासून प्रिन्सिपलांच्या दारात उभा होतास, दोनदा नाही म्हटल्यावरही उभा राहिलास, आणि शेवटी त्यांनी तुला आत बोलावून सगळी हकीकत बसून ऐकली, हे भागीनं सांगितलं. तू पत्रात त्यातलं काहीच लिहिलं नाहीस. 'काम झालं' एवढंच लिहिलंस. ही सवय तू कुणाकडून घेतलीस ते आई हसून हसून सांगते आहे.

तू बाहेर होतास. आत काय झालं ते तिनं मला सांगितलं, ते लिहून ठेवतो.

प्रिन्सिपलांनी तिला २७ची वेळ दिली; तेव्हा समोर पाच जण होते. पहिल्यांनी विचारलं, काही प्रशस्तिपत्रक आहे का? ती म्हणाली, नाही. मार्क पाहून दुसऱ्यांनी तोंड वाकडं केलं. तिसऱ्यांनी विचारलं, बैल अंगावर आला तर? ती म्हणाली, "आला होता. बाजूला झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले." मग त्यांनी विचारलं, तुम्ही म्हणे उन्हाळाभर काम केलं, किती बैल वाचवले? भागी म्हणाली, "ते सांगता येणार नाही. एक गेला ते माहीत आहे." आणि तो कसा गेला, तिनं काय ओळखायला हवं होतं, ते सगळं तिनं आपणहून सांगितलं.

शेवटी कोपऱ्यातले एक वयस्कर प्रोफेसर बोलले. म्हणाले, "बैल आजारी आहे, त्याला आराम हवा. पण गाडीवान म्हणतो, बैल बसला तर मी खाऊ काय? तुम्ही काय सांगाल?" भागी म्हणते, बाबा, मले हसूच आलं. तिनं मोकळ्या बैलांची पाळी सांगितली, पहाटेची खेप आणि दुपारची सुट्टी सांगितली. ते म्हणाले, पण पहाटे माल कोण देणार? ती म्हणाली, "माझे वडील देतात."

हे तिनं सांगितलं तेव्हा मी पाणी प्यायचं निमित्त करून आत गेलो.

काल तिचं नाव यादीत आल्याचं पत्र मिळालं. सगळ्या मुलांत ही एकटी मुलगी. मी पत्र घेऊन प्रथम चिंधूकडे गेलो. त्याला वाचता येत नाही, पण त्यानं कागद हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला आणि डोक्याला लावला. सुई घेतलेला एकही बैल गेला नाही. चिंधूच्या उरलेल्या बैलाच्या जोडीला बाकीचे गाडीवान पाळीनं आपला एक बैल देतात, म्हणून त्याची बंडी चालू आहे. पेरणीसाठी दहा दिवस गावाला जाऊन आला. धक्का पहाटे उघडायचा हे आता स्टेशनमास्तरांनी पावसाळ्यानंतरही तसंच ठेवायचं ठरवलं आहे, त्यामुळे मला लवकर उठण्याचं कारण शोधावं लागत नाही.

महिला मंडळाच्या बाईंनीही भागीला बोलावून सत्कार केला. वर्ग सोडल्याचा राग नव्हता. भागी पांढरी साडी नेसून चार शब्द बोलली. मी मागे उभा होतो.

आज नागपूरहून मालाचे इन्स्पेक्टर आले होते. धक्का पाहून झाल्यावर मला म्हणाले, "शेषराव, तुमचीच का हो ती मुलगी, ढोरांची डॉक्टर होणारी?"

मी म्हटलं, "हो साहेब. आन् तिचा भाऊ जबलपूरले इंजिनिअर होऊन राहिला. दोघंही माझेच."

ते पुढे काही विचारत होते, पण मी तुझ्या अभ्यासाचं, तू तिथे शिकवण्या करून फी भरतोस त्याचं सांगत सुटलो. आईनं मला हे सगळं दोन वर्षं वाचून दाखवलं आहे. मी लक्ष देत नाही असं तिला वाटायचं. इन्स्पेक्टर साहेबांची गाडी आली तेव्हाच थांबलो.

भागीला पोचवायला मी स्वतः येतो आहे. रजा मंजूर झाली. आईही येते म्हणते, तिला तुझं राहणं डोळ्यांनी पाहायचं आहे. मला तुझं कॉलेज पाहायचं आहे, ती यंत्रशाळा का काय म्हणतोस ती, आणि तू जिथे बसतोस तो बाक.

वीस तारखेला सकाळी आम्ही छोट्या लाइनीनं पोचतो. ती गाडी फार रेंगाळते. उशीर झाला तर जाऊ नको, स्टेशनावरच थांब. मला तिथली वाट माहीत नाही, तू पुढे चाल.

तुझा,
बाबा